साटेलोट्याचे दुवे : ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील एका वाद्यदुकानाच्या प्रकल्प नोंदी

१४ ऑक्टोबर २०२४, सोमवार

दौलतगंजातील वाद्यदुरुस्तीच्या दुकानाचे संकेतस्थळ आजपासून माझ्याकडे आले. दुकान तिसऱ्या पिढीत आहे. तंबोऱ्याची जवारी काढणे (घोडी घासून झंकार परत आणणे), हार्मोनियमचे भाते आणि सूर दुरुस्त करणे, तबल्याच्या पुड्या बदलणे ही तिथली मुख्य कामे. मालकांना सारे लष्कर अण्णा म्हणते, म्हणून या नोंदींतही ते अण्णाच राहतील. त्यांची तक्रार एका वाक्यात सांगून झाली : पैसे भरून वेबसाइट केली, पण गूगलवर ती कुणाला दिसत नाही.

होस्टिंगचा पासवर्ड, डोमेनचे कागद आणि सर्च कन्सोलची (संकेतस्थळ गूगलवर किती दिसते ते सांगणाऱ्या गूगलच्याच साधनाची) मालकी वहिनींनी, म्हणजे अण्णांच्या सूनबाईंनी, माझ्या स्वाधीन केली. सर्च कन्सोल फक्त मागच्या १६ महिन्यांची आकडेवारी ठेवते आणि रोज मागचा एक दिवस गळून पडतो, त्यामुळे दुसऱ्या कशालाही हात लावण्यापूर्वी ती सगळी उतरवून घेतली. जून २०२३ पासूनची माहिती हाती आली.

संकेतस्थळाची पाने फार नाहीत. मात्र प्रत्येक पानाच्या तळाशी ‘मित्र संकेतस्थळे’ असा एक दुवा आहे आणि तो उघडला की इतर संकेतस्थळांच्या दुव्यांची लांबच लांब यादी समोर येते. पूर्वीच्या कंत्राटदाराने तीन वर्षांपूर्वी अण्णांना सांगितले होते की जितके दुवे द्याल तितके मिळतील आणि जितके मिळतील तितके वर जाल. या वाक्याचा पूर्वार्ध निव्वळ व्यवहार आहे. उत्तरार्ध कधीकाळी बराचसा खरा होता, आणि म्हणूनच तो अजून विकला जातो.

१७ ऑक्टोबर २०२४, गुरुवार

यादीतले दुवे मोजले : १६४. प्रत्येक पत्त्यावर जाऊन तिथे आपला परतीचा दुवा अजून आहे का हे पाहणारी छोटी पायथन आज्ञावली लिहिली. तिने संशयित ठरवलेली पाने नंतर एकेक करून डोळ्यांनी पाहिली. पूर्ण दिवस गेला, पण या कामात आडवाट नाही.

५८ संकेतस्थळे उघडतच नाहीत. ३१ उघडतात, पण मूळ मालकाने डोमेनचे नूतनीकरण न केल्याने ती दुसऱ्याच कुणीतरी घेतली आहेत, आणि तिथे आता जुगार, झटपट कर्जे आणि त्याहून न सांगण्याजोगे काही चालते. म्हणजे ज्या घराने तीन पिढ्या गवयांचे तंबोरे सांभाळले, ते घर आपल्या नावानिशी लोकांना जुगाराच्या अड्ड्याचा पत्ता सांगत उभे आहे. वहिनींना हे पडद्यावर दाखवले तेव्हा त्यांनी दुकानाचा दरवाजा लोटून घेतला.

उरलेल्या ७५ पैकी केवळ २३ जणांकडे आपला दुवा शिल्लक आहे. बाकीच्यांनी आपल्याकडून दुवा घेतला आणि आपल्याला दिलेला काढून टाकला. या २३ मधल्या ९ ठिकाणी दुव्यावर ‘नोफॉलो’ची खूण आहे. जानेवारी २००५ मध्ये गूगल, याहू आणि एमएसएन यांनी मिळून ही खूण मान्य केली होती. अभिप्रायांच्या रकान्यांत टाकल्या जाणाऱ्या फुकट्या दुव्यांना क्रमवारीत वजन मिळू नये, हा तिचा हेतू होता. सप्टेंबर २०१९ मध्ये तिच्या जोडीला पैसे देऊन घेतलेल्या दुव्यांसाठी ‘स्पॉन्सर्ड’ आणि वाचकांनी टाकलेल्या मजकुरासाठी ‘यूजीसी’ या खुणा आल्या, आणि तेव्हापासून गूगल या तिन्हींकडे आज्ञा म्हणून नव्हे तर सूचना म्हणून पाहते. देवघेवीत मात्र तिचा उपयोग सरळसरळ फसवणुकीसाठी होतो : समोरचा आपल्याकडून साधा दुवा घेतो, आणि आपल्याला दिलेल्या दुव्यावर गुपचूप ही खूण लावतो. पान नुसते पाहणाऱ्याला दोन्ही दुवे सारखेच दिसतात. फरक पानाचा स्रोत उघडल्यावरच कळतो. आणखी ४ जणांची चलाखी याहून वरची आहे. शोधयंत्रांनी कुठे जाऊ नये हे सांगणारी ‘रोबोट्स’ नावाची एक फाइल असते, तिच्यात त्यांनी दुव्यांचे पूर्ण पानच शोधयंत्रांना बंद करून ठेवले आहे.

म्हणजे १६४ दिले आणि १० मिळाले. हे दहाजण सामान हलवणारे, फरशीवाले, ज्योतिषी आणि एक दातांचा दवाखाना असे आहेत. गाण्याबजावण्याशी संबंध असलेला एकही नाही.

२१ ऑक्टोबर २०२४, सोमवार

अण्णा हिशेबी माणूस आहेत, त्यांना शब्दांपेक्षा आकडे पटतील, म्हणून आज कागदावर हिशेब मांडला. सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनी स्टॅनफर्डमध्ये असताना १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधातले पेजरँकचे सूत्र त्यासाठी घेतले. त्याचे मर्म असे, की एखाद्या पानाचे वजन त्याच्याकडे बोट दाखवणाऱ्या पानांच्या वजनावरून ठरते. परंतु प्रत्येक पान आपले वजन आपल्या सर्व दुव्यांत सारखे वाटून देते आणि वाटताना त्याला ०.८५ ने गुणले जाते. प्रत्येक पानाला ०.१५ हे मूळ भांडवल कुणी काही न देताच मिळते.

तीन पानांचे संकेतस्थळ धरले : एक मुखपृष्ठ, एक दुरुस्तीचे पान आणि एक संपर्काचे पान. मुखपृष्ठ दोन्ही पानांकडे जाते, ती दोन्ही मुखपृष्ठाकडे परत येतात, आणि बाहेरच्या जगाशी कसलाच संबंध नाही. समीकरणे सोडवली की मुखपृष्ठाला १.४६ आणि आतल्या प्रत्येक पानाला ०.७७ येते, बेरीज बरोबर ३.

आता मुखपृष्ठावरून एका भागीदाराला दुवा दिला आणि त्या भागीदाराच्या पानावर फक्त आपलाच एक परतीचा दुवा आहे असे धरले. मुखपृष्ठ १.९२ वर चढते. आतली पाने मात्र ०.६९ वर घसरतात, कारण पूर्वी दोघांत वाटले जाणारे वजन आता तिघांत वाटले जाते. बेरीज ३.३१ येते, म्हणजे सौदा एकंदरीत फायद्याचा ठरतो. कंत्राटदार जे चित्र विकतो ते हेच.

तिसऱ्या वेळी एकच गोष्ट बदलली : भागीदाराच्या पानावर आपल्यासह २०० दुवे आहेत असे मानले. आपल्याला त्याच्या वजनाचा दोनशेवा हिस्सा मिळतो, आपण मात्र त्याला मुखपृष्ठाचा तिसरा हिस्सा देत राहतो. मुखपृष्ठ १.४६ वरून ०.७८ वर येते, आतली पाने ०.३७ वर, आणि तिन्हींची बेरीज ३ वरून १.५३ वर. भांडवल जवळजवळ निम्मे बुडाले. आपल्या दहा खऱ्या भागीदारांपैकी एकाच्या पानावर मी प्रत्यक्ष २१२ दुवे मोजले होते, त्यामुळे २०० हा आकडा हवेतला नाही.

हे मॉडेल फार लहान आहे आणि म्हणून तोटा फुगवून दाखवते, हे लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते. खऱ्या संकेतस्थळाचे आतले दुवे कितीतरी जास्त असतात, त्यामुळे बाहेरच्या एका दुव्याने एवढी गळती होत नाही. शिवाय आजचे गूगल १९९८ च्या सूत्रावर चालत नाही. बाहेर दुवा दिल्याने नुकसान होते असा निष्कर्ष यातून कुणी काढला तर तो चुकेल, कारण वाचकाला उपयोगी पानाकडे पाठवणे हे कोणत्याही चांगल्या पानाचे कामच आहे. मला दाखवायचे होते ते इतकेच, की ‘एक दिला, एक मिळाला’ हे समीकरण ज्या सूत्राचा दाखला देऊन विकले जाते, त्या सूत्रातच ते बसत नाही.

२८ ऑक्टोबर २०२४, सोमवार

दिवाळीच्या गर्दीतून वेळ काढून अण्णांनी दुकानात बोलावले. हिशेबाचा कागद त्यांनी दोनदा वाचला आणि म्हणाले, “म्हणजे हे साटेलोटेच झाले की! आपली मुलगी त्यांच्याकडे, त्यांची आपल्याकडे. फक्त आपण दिली आणि त्यांनी बोळवण केली.” याहून नेमका शब्द मला सुचला नसता, म्हणून या नोंदींचे शीर्षक आज बदलले.

त्याच बैठकीत वहिनींनी सांगितले की आठवड्यापूर्वी एका मध्यस्थाचा फोन आला होता. त्याची योजना जुन्या साटेलोट्याहून सुधारलेली आहे : आपण ‘अ’ला दुवा द्यायचा, ‘अ’ने ‘ब’ला आणि ‘ब’ने आपल्याला, म्हणजे परस्पर देवघेव गूगलच्या लक्षात येणार नाही. “हे तरी चालेल का हो?” असे त्यांनी विचारले, आणि प्रश्न रास्त होता. मी सांगितले की तिघांची साखळी दोघांच्या साखळीपेक्षा ओळखायला थोडी अवघड असते हे खरे, पण असा मध्यस्थ तीच शंभरेक संकेतस्थळे पुन्हा पुन्हा फिरवतो, आणि दुव्यांचा संपूर्ण आलेख ज्याच्यासमोर पसरलेला आहे त्याला ते घट्ट जाळे दिसायला वेळ लागत नाही. गूगलच्या धोरणात ‘तुम्ही मला द्या, मी तुम्हाला देतो’ अशा अतिरिक्त देवघेवीचा आणि केवळ परस्पर दुव्यांसाठी बनवलेल्या भागीदार-पानांचा उल्लेख दुव्यांच्या गैरप्रकारांत नावानिशी आहे. त्यातला ‘अतिरिक्त’ हा शब्द महत्त्वाचा आहे. दोन संकेतस्थळांनी एकमेकांचा उल्लेख करणे हा गुन्हा नाही.

शिक्षेबद्दल अण्णांनी खोदून विचारले. २४ एप्रिल २०१२ रोजी गूगलच्या क्रमवारीत पेंग्विन नावाचा बदल आला, तेव्हा बनावट दुव्यांवर उभी असलेली संकेतस्थळे खाली ढकलली गेली आणि पुढची सुधारित आवृत्ती येईपर्यंत कित्येकांना खालीच थांबावे लागले. सप्टेंबर २०१६ मध्ये पेंग्विन मूळ क्रमवारीचाच भाग झाला, आणि तेव्हापासून असे दुवे शिक्षा देण्याऐवजी बहुतांशी दुर्लक्षित केले जातात. डिसेंबर २०२२ मध्ये गूगलच्या स्पॅम ओळखणाऱ्या स्पॅमब्रेन या यंत्रणेकडेही हे काम आले. त्या वेळी गूगलने स्पष्ट केले होते की अशा दुव्यांचे वजन काढून घेतल्यावर त्यांच्यामुळे मिळालेला लाभ परत मिळवता येत नाही. माणसाने तपासून केलेली कारवाई ही याहून वेगळी गोष्ट, आणि तिची सूचना सर्च कन्सोलमध्ये येते. जानेवारी २०१२ मध्ये पैसे देऊन लिहवून घेतलेल्या मजकुरातला दुवा उघडकीस आल्यावर गूगलने स्वतःच्याच क्रोम ब्राउझरचे पान ६० दिवसांसाठी खाली टाकले होते. ते ऐकून अण्णा खूष झाले. घरच्या पोरालाही दंड करणारा सावकार त्यांना आवडतो.

आपल्यावर अशी कारवाई झालेली नाही, हे मी पहिल्याच दिवशी पाहिले होते.

६ नोव्हेंबर २०२४, बुधवार

‘मित्र संकेतस्थळे’ हे पान आज काढले. तळपट्टीतला दुवाही काढला. पान कायमचे गेल्याचे सांगणारा ४१० हा संकेत लावला. पान सापडत नाही एवढेच सांगणाऱ्या ४०४ नेही काम झाले असते, पण हेतू स्पष्ट असलेला बरा. खरा परतीचा दुवा ठेवणाऱ्या दहा जणांना काढण्याआधी सौजन्य म्हणून ईमेल लिहिले होते. दोघांची उत्तरे आली. एकाने आभार मानले, दुसऱ्याने आमचा दुवा काढण्याची धमकी दिली. त्याला ‘अवश्य काढावा’ असे कळवले.

१२ नोव्हेंबर २०२४, मंगळवार

माझी चूक नोंदवतो. कालपासून गूगलचा नोव्हेंबरचा मुख्य बदल, म्हणजे क्रमवारी ठरवण्याच्या पद्धतीतला मोठा फेरफार, लागू होऊ लागला आहे. पान काढून जेमतेम सहा दिवस झाले आहेत, त्यामुळे आता क्रम वर गेला किंवा खाली आला तर तो कशामुळे, हे छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. बदलाची तारीख आधी कळत नाही हे खरे. तरी पान काढण्यापूर्वी काही आठवडे नुसती निरीक्षणे नोंदवून पायाभूत रेषा तयार करायला हवी होती. जुगाराचे दुवे पाहून मी घाई केली. तशी वेळ पुन्हा आली तर ते ३१ दुवे त्याच दिवशी काढीन आणि बाकीचे थांबवून ठेवीन.

२५ नोव्हेंबर २०२४, सोमवार

काढण्याचे काम झाले. आता दुवा मागावा असे आपल्याकडे काय आहे, हा प्रश्न उरतो. आजवर संकेतस्थळावर दरपत्रक, पत्ता आणि दोन फोटो एवढेच होते. दरपत्रकाला कुणी आपणहून दुवा देत नाही.

गेले दोन आठवडे अण्णांच्या शेजारी बसून जवारीचे पान तयार केले. तार घोडीच्या ज्या किंचित उताराच्या पृष्ठभागावरून जाते तो झिजला की तिथे तारेची खाच पडते आणि झंकार मरतो. तो पृष्ठभाग कानसून, घासून पुन्हा उताराला आणणे म्हणजे जवारी काढणे, आणि तारेखाली सुताचा धागा सरकवून नाद खुलण्याची नेमकी जागा शोधणे हा त्याचा शेवटचा टप्पा. अण्णा हे सगळे हातांनी सांगतात, तोंडाने नाही, त्यामुळे प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र घेऊन त्याखाली त्यांच्याकडून एकेक वाक्य वदवून घ्यावे लागले. घासण्यापूर्वीचा आणि नंतरचा आवाजही ध्वनिमुद्रित करून ठेवला. वाद्य दुकानात आणावे लागेल की घरी धागा सरकवून भागेल, हे ओळखण्याच्या खुणाही दिल्या. अण्णांना आधी ते नको होते, कारण गिऱ्हाईक जाईल. नंतर तेच म्हणाले की धाग्यासाठी येणाऱ्याकडून आपण पैसे घेतो कुठे.

आज पाच जणांना पत्रे लिहिली : अण्णांकडे वाद्ये पाठवणारे गाण्याचे तीन शिक्षक, आपण ज्यांच्याकडून तंबोरे मागवतो ते मिरजेचे कारागीर, आणि दुसऱ्या गावचे एक तबलावाले. पत्रात दुव्याची देवघेव सुचवली नाही. जवारीचे पान तयार झाले आहे, आपल्या विद्यार्थ्यांना उपयोगी वाटले तर सांगावे, एवढेच लिहिले. पाचही पत्रे वेगवेगळी लिहिली, कारण एकच मजकूर पन्नास जणांना पाठवला की त्याची जाहिरात होते.

माधव संगीत महाविद्यालयाकडूनही दुवा मागावा असे वहिनींचे म्हणणे होते. भातखंड्यांच्या पुढाकाराने आणि ग्वाल्हेरचे तेव्हाचे महाराज माधवराव शिंदे यांच्या आश्रयाने १९१८ मध्ये उभी राहिलेली ती संस्था. तिच्या दुव्याचे वजन निःसंशय मोठे. पण दुकानाने महाविद्यालयाकडे जाहिरात मागावी असे त्यात काही नाही, म्हणून मागितला नाही. शहरात संगीत कुठे शिकावे या पानावर आपण मात्र महाविद्यालयाचा उल्लेख दुव्यासह केला आहे. तो वाचकासाठी आहे आणि त्याची परतफेड अपेक्षित नाही.

९ डिसेंबर २०२४, सोमवार

पाचांपैकी तिघांची उत्तरे आली. एका शिक्षिकेने पानाचा दुवा आपल्या वर्गाच्या संकेतस्थळावर ‘वाद्याची निगा’ या मजकुरात, वाक्याच्या ओघात दिला आहे. मिरजेच्या कारागिरांनी ‘उत्तरेत दुरुस्ती कुठे करावी’ याखाली आपले नाव घातले. त्यांचे नाव आपल्या पानावर पहिल्यापासूनच आहे, कारण तंबोरा कुठून येतो हे गिऱ्हाइकाला आम्ही सांगतोच. म्हणजे पाहायला गेले तर हीही परस्परांची देवघेव झाली. ती लपवण्याचे मला काही कारण दिसत नाही.

तबलावाल्यांनी मात्र उलट विचारले की तुम्ही मुखपृष्ठावरून दुवा देणार असाल तर आम्ही दहा पानांवरून देतो. नम्रपणे नाही म्हटले. अण्णांना सांगितले तेव्हा त्यांनी उंटाच्या लग्नात गाणाऱ्या गाढवांचा, परस्पर स्तुतीचा श्लोक पूर्ण म्हणून दाखवला आणि ‘अहो रूपम् अहो ध्वनिः’वर समेला यावे तशी मांडीवर थाप दिली.

नोव्हेंबरचा मुख्य बदल ५ तारखेला पूर्ण झाला. आपल्या बहुतेक शोधशब्दांचे सरासरी स्थान नेहमीच्या चढउताराच्या आतच आहे.

२० डिसेंबर २०२४, शुक्रवार

तानसेन समारोह काल संपला. यंदाचा शंभरावा, १५ ते १९ तारखेपर्यंत चालला. समारोहाच्या आठवड्यात संकेतस्थळ शोधनिकालांत दिसण्याचे आणि उघडले जाण्याचे प्रमाण आलेखावर ठळकपणे उंचावले, आणि दुपारी वहिनींचा फोन आला की नव्या दुव्यांनी काम केले, अण्णा पेढे आणायला निघाले आहेत.

मी त्यांना थांबवले. याच आठवड्यात तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत. देशभरातून गवई, वादक आणि श्रोते ग्वाल्हेरात आले. वाद्यांची ने-आण होते तेव्हा तारा तुटतात, खुंट्या सैलावतात, आणि लोक ‘ग्वालियर में तानपुरा रिपेयर’ असे शोधतात. दुसरे, गूगलचा डिसेंबरचा मुख्य बदल १२ ते १८ तारखांत लागू झाला. तिसरे, काल १९ तारखेपासून स्पॅमविरोधी बदल सुरू झाला आहे. आपले दोन नवे दुवे चौथे. चौघांनी मिळून ओढलेल्या गाडीचे श्रेय सर्वांत लहान वासराला देणे मला पटत नाही.

पेढे तरीही आले. समारोहाचे म्हणून खाल्ले.

२ जानेवारी २०२५, गुरुवार

स्पॅमविरोधी बदल २६ डिसेंबरला पूर्ण झाला. पहिल्या दिवशी उतरवून ठेवलेली आकडेवारी आज कामी आली. डिसेंबर २०२३ चा आलेख डिसेंबर २०२४ च्या शेजारी ठेवला, तर समारोहाच्या दिवसांतला उंचवटा मागच्या वर्षीही तसाच आहे. तेव्हा १६४ दुव्यांचे पान जागेवर होते, यंदा नाही. तेव्हा शिक्षिकेचा आणि मिरजेचा दुवा नव्हता, यंदा आहे. उंचवट्याचा आकार जवळपास सारखाच, आणि यंदा तो किंचित मोठा दिसतो त्याला शताब्दीची गर्दी पुरेशी आहे.

यावरून दोन गोष्टी म्हणता येतात. साटेलोट्याचे पान काढल्याने मोजता येण्याजोगा तोटा झाला नाही, म्हणजे त्याला वजन उरलेच नव्हते, किंवा असले तर नगण्य होते. आणि दोन चांगल्या दुव्यांनी दुकानाचे नाव वर गेले असे दाखवणारा पुरावाही माझ्याकडे नाही. पहिली गोष्ट सांगताना मला संकोच वाटत नाही, दुसरी सांगताना वाटला. पण मासिक अहवालात दोन्ही लिहिल्या.

फरक एकाच ठिकाणी दिसतो. जवारीशी संबंधित शोधशब्दांवर पूर्वी आपण कुठेच नव्हतो, कारण त्या विषयाचे पानच नव्हते, आता आहोत. हे दुव्यांचे श्रेय की मजकुराचे, हा प्रश्न मी सोडवू शकत नाही, कारण पानाशिवाय दुवा आला नसता.

२७ जानेवारी २०२५, सोमवार

जुन्या भागीदारांकडून येणारे उरलेसुरले दुवे नाकारण्याची यादी गूगलला द्यावी का, असे एका व्यवसायबंधूने सुचवले. दुवे नाकारण्याचे हे साधन ऑक्टोबर २०१२ पासून उपलब्ध आहे, पण माणसाने केलेली कारवाई झाली असेल किंवा होण्याची दाट शक्यता असेल तरच ते वापरावे असे गूगलच सांगते. दहा दुवे आणि कारवाई नाही, अशा स्थितीत ते वापरणे म्हणजे पडसे झाले म्हणून छाती फाडून पाहण्यासारखे. दिले नाही.

त्यापेक्षा नकाशावरच्या नोंदीकडे लक्ष दिले. लष्करात उभे राहून ‘तबला रिपेयर’ शोधणाऱ्याला आधी नकाशा दिसतो, संकेतस्थळे त्याखाली येतात. तिथला क्रम समर्पकता, अंतर आणि ख्याती या तीन गोष्टींवर ठरतो असे गूगल सांगते. इतर संकेतस्थळांवरचे दुवे आणि उल्लेख हे ख्यातीत मोजले जातात, पण अंतराला कुणाचा दुवा भरून काढू शकत नाही. दुकानाचा फोन क्रमांक तीन ठिकाणी तीन वेगवेगळे आढळले. त्यातला एक अण्णांच्या बंद पडलेल्या लँडलाइनचा. ते सुधारायला एक दुपार लागली. इतक्या महिन्यांत दुकानात प्रत्यक्ष पाऊल ठेवणारी माणसे वाढवण्याच्या दृष्टीने हीच दुपार सर्वांत मोलाची असावी, असा मला दाट संशय आहे.

३१ मार्च २०२५, सोमवार

गूगलचा मार्चचा मुख्य बदल १३ ते २७ तारखांत होऊन गेला. विशेष हालचाल नाही.

काल पाडव्याला दुकानात वाद्यांची पूजा होती, म्हणून गेलो होतो. वहिनींनी मोबाइलवर एक पान दाखवले : आपण ज्यांना कधी पत्र लिहिले नाही अशा एका गायिकेने तंबोरा जुळवण्यावर लेख लिहिला आहे आणि त्यात जवारीच्या पानाचा दुवा देऊन ध्वनिमुद्रण ऐकण्याची शिफारस केली आहे. मागितल्याशिवाय आलेला हा पहिला दुवा.

अण्णांचे म्हणणे लगेच पडले की आता आपणही त्यांचा दुवा द्यायला हवा, ती रीत आहे. कुणी ताटात काही घालून पाठवले तर ताट रिकामे परत करू नये. मी साटेलोट्याची आठवण करून दिली, तर ते म्हणाले, “तेव्हा ओळख ना पाळख. या बाईंनी माझे काम ऐकलेय.” त्यावर मला उत्तर नव्हते. गूगलच्या जुन्या मार्गदर्शनात एक कसोटी होती : शोधयंत्रे अस्तित्वात नसती तरी तुम्ही हे केले असते का? अण्णांनी केलेच असते. त्यांनी तर गायिकेचे नाव दुकानाच्या फळ्यावर खडूने लिहून टाकले होते.

रात्री तो लेख नीट वाचला. जवारी काढल्यानंतर षड्ज-पंचम कसे जुळवावेत यावरचा त्यातला भाग आपल्या पानावर नाही, आणि दुरुस्त झालेला तंबोरा घरी नेणाऱ्याला नेमका तोच लागतो. ‘वाद्य घरी नेल्यावर’ या परिच्छेदात, वाक्याच्या ओघात, कोणतीही खूण न लावता दुवा दिला. गायिकेला कळवलेले नाही. फळ्यावरचे नाव मात्र आज सकाळी पुसले गेले, कारण तिथे हार्मोनियमचे नवे दर लिहायचे होते.

तपासणीची आज्ञावली दर तिमाहीला आपोआप चालेल अशी लावून ठेवली आहे. पुढची फेरी ३० जूनला. आपण दिलेले सर्व बाहेरचे दुवे उघडून पाहणे आणि कुठले डोमेन दुसऱ्याच्या हाती गेले आहे का हे पाहणे एवढेच तिचे काम.